दसऱ्याला विंटर, पाडव्याला समर

टायर या विषयावर माणसं किती बोलू शकतात, हे मला इंग्लंडमध्ये रीडिंग ते स्लाऊ कार-शेअर करायला लागल्यावर कळलं. गाडी मंदारची, शेजारी सुधीर, मागे मंदारच्या लेकीच्या चाइल्ड सीटला खेटून मी. तिघंही एकाच ऑफिसात. एम-फोर हायवे तुंबला की या दोघांचं सुरू. माझ्याकडे किस्से असे साचत गेले. पूर्वी मी ते हसून सांगायचे.

*

मंदार पुण्याचा. त्याच्या गाडीला बारा महिने ऑल-सीझन टायर. "इथे हिवाळा असतो कुठे? चिमूटभर बर्फ पडतो आणि शाळा बंद होतात."

सुधीर नागपूरचा. त्याच्याकडे दोन सेट, समरचा वेगळा, विंटरचा वेगळा. "अबे, मे महिन्यात स्वेटर घालून झोपतं का कोणी?"

"रेनकोट घालून मात्र इथे वर्षभर फिरतात," मंदार म्हणाला.

त्या दिवशी मंदार जिंकला. तो हरला तरी मुद्दा सोडायचा नाही, मग समोरचाच कंटाळून गप्प बसायचा.

*

सुधीर फ्लॅटमध्ये राहतो, गॅरेज नाही. त्यामुळे न लावलेला सेट बॉक्स रूममध्ये, वर जुनी चादर. त्याची आई नागपूरहून आली, तिला झोपायला तीच खोली. पहिल्याच सकाळी तिने सुनेला विचारलं, "अगं अश्विनी, हे पाहुणे कधी जाणार?"

"आई, हे जात नाहीत. आलटून पालटून राहतात."

अश्विनी अशीच होती. हॉस्पिटलमध्ये नर्स. ड्यूटीला उजाडायच्या आत निघायची, त्यामुळे सुधीरची गाडी खरं तर तीच चालवायची. म्हणून तर तो आमच्याबरोबर यायचा.

*

पारा सातच्या खाली गेला की समर टायरचं रबर कडक होऊन घसरायला लागतं, म्हणून टायर कधी बदलायचे हे लोक थर्मामीटर बघून ठरवतात. सुधीर पंचांग बघायचा! दसऱ्याला गाडीची पूजा होतेच, तर नव्या टायरसकट होऊ दे, अशी सुरुवात झाली, आणि मग तो नियमच झाला. दसऱ्याला विंटर, पाडव्याला समर.

एका दसऱ्याला चांगलं ऊन पडलेलं, आम्ही टी-शर्टमध्ये, आणि हा थंडीचे टायर लावून गाडीला झेंडूचा हार घालतोय. शेजारच्या गोऱ्या आजीबाई माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "सॉरी, घरात कोणी गेलं का?"

इथे गाडीवर फुलं चढतात ती अंत्ययात्रेला. आम्ही आठवडाभर हसलो त्यावर. अश्विनी सगळ्यात जास्त.

*

मागच्या पाडव्याला थंडी हटायला तयार नव्हती. मी आणि मंदार त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. गुढी उभारून अश्विनी खाली पार्किंगमध्ये आली. सुधीर जॅक लावून बसला होता.

"अरे, अजून रोज सकाळी काच खरवडून निघते मी. राहू दे ना ते टायर महिनाभर."

"मुहूर्त आहे गं. आणि आता कसली थंडी, एप्रिल येतोय."

मंदार म्हणाला, "म्हणून सांगतो, ऑल-सीझन घे. पंचांग बघायची भानगडच नको."

"ऐक जरा त्याचं," अश्विनी म्हणाली.

सुधीर हसला आणि नट आवळत राहिला. मग आम्ही वर जाऊन श्रीखंड खाल्लं.

*

त्याच आठवड्यात एका पहाटे रस्त्यावर ब्लॅक आइस होता, डोळ्यांना न दिसणारा बर्फाचा पातळ थर. हॉस्पिटलच्या अलीकडच्या वळणावर अश्विनीची गाडी घसरली आणि झाडावर आदळली. मी आणि मंदार हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा ती गेलेली होती.

सुधीर कॉरिडॉरमध्ये खुर्चीवर बसला होता. रडत नव्हता. त्याने मंदारला विचारलं, "तुझे टायर असते तर थांबली असती का रे गाडी?"

मला मंदारच्या तोंडाकडे बघवेना.

"नाही," मंदार म्हणाला. "बर्फावर सगळे टायर सारखेच. काही फरक पडला नसता."

"नक्की?"

"नक्की."

सुधीरने मान हलवली. एरवी मला मंदारचा रागच यायचा. त्या दिवशी त्याचे पाय धरावेसे वाटले.

*

पुढे सुधीर ऑफिसला यायला लागला. पुन्हा मंदारच्याच गाडीत, पुढच्याच सीटवर. एम-फोर तुंबला की आता मंदार रेडिओ लावतो.

या ऑक्टोबरात मंदारचे टायर झिजले. ऑफिस सुटल्यावर आम्ही स्लाऊमधल्या नेहमीच्या टायरवाल्याकडे थांबलो. मंदारने वर्षानुवर्षं त्याचंही डोकं खाल्लेलं. तो हसत म्हणाला, "ऑल-सीझनच ना?"

सुधीर शेजारी उभा होता, कोटाच्या खिशात हात घालून.

मंदारने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "कुठलेही टाका. सगळे सारखेच असतात."

टायरवाला बघतच राहिला. त्याला वाटलं, मंदार चेष्टा करतोय.

मग सुधीर पुढे झाला.

"ऑल-सीझनच टाका," तो म्हणाला. "याची पोरगी बसते या गाडीत."