प्रार्थनेत वाजलेला फोन

लेसिएली माझ्याच वयाची. जन्मभर माझ्या शेजारी बसून चटया विणत आली. वीण अशी घट्ट की वर पाणी सांडलं तर तेही क्षणभर थांबून विचार करील. प्रार्थनाही तशीच. एका रविवारी जेवणाआधीची प्रार्थना जरा लांबली आणि कुणाचं तरी डुक्कर येऊन तिच्या पुढ्यातला भाजलेला मासा घेऊन गेलं. तिला ते कळलं होतं, वास लांब गेला की कळतंच. पण 'आमेन' होईपर्यंत बाईनं पापणी हलवली नाही. तिचा नवरा फोनुआ त्यावरून तिला कायम चिडवायचा. म्हणायचा, देवानं हिला डोळे दिले ते मिटायलाच.

त्या फोनुआच्या पायाला साखरेच्या आजारानं जखम झाली आणि ती चिघळली. वादळाच्या आधीच्या बोटीनं त्याला मोठ्या बेटावरच्या दवाखान्यात नेलं. मुलगी सेला सोबत गेली. तिसऱ्या माणसाला बोटीत जागा नव्हती. मग सेलाचा फोन आला की डॉक्टर पाय गुडघ्याखाली कापायचा म्हणतायत, नाहीतर विष अंगभर जाईल. फोनुआ मात्र हटून बसला होता. लेसिएलीच्या तोंडून ऐकल्याशिवाय पायाला हात लावू देणार नाही म्हणे. लेसिएली म्हणाली, सकाळी सांगते. सकाळ व्हायच्या आत वादळ आलं आणि टेकडीवरचा फोनचा टॉवर रताळ्याच्या वाफ्यांत आडवा झाला.

पडलेल्या माडांतून वाट काढत ती माझ्याकडे आली. "कापू दे," म्हणाली. "मला माणूस हवाय. पायाचं काय करायचंय?"

शब्द तयार होता, पण ऐकायला मी एकटीच. नंतर रोज विणता विणता तो ती मला ऐकवायची आणि मी रोज मान डोलवायची. दुसरं काय करणार होते?

मग एक बोट आली. त्यात काटोआ नावाचा तरुण होता, आमच्यातलाच, पण मोठ्या बेटावर वाढलेला. त्यानं ड्रोन आणला होता. ड्रोनच्या पोटाला छोटा टॉवर बांधलेला, तो वर जाऊन थांबला की खाली सगळ्यांचे फोन लागणार. फक्त बॅटरी थोडाच वेळ पुरते, म्हणून बोलणं आटोपतं घ्या, असं त्यानं सगळ्यांना बजावलं.

चर्चच्या मैदानात गाव जमलं. कमरेला चांगल्या चटया गुंडाळून, चर्चला जातो तसंच. पाहुणा आला, वर मदत घेऊन आला, म्हणजे आधी प्रार्थना. आमच्याकडे कुणाला यात विचारण्यासारखं काही वाटतच नाही. काटोआलाही वाटलं नाही. तोवर हा वर पोचेल, अशा हिशेबानं त्यानं ड्रोन सोडला, टोपी काढली आणि मान खाली घातली.

आमच्या पाद्रीबाबांनी वारा थांबल्याबद्दल आभार मानले. छप्पर गेलं पण भिंती राहिल्या त्याबद्दल मानले. बोटीचे, बोट चालवणाऱ्याचे, बॅटरीचेही मानले. एवढ्यात मांडीमांडीवर फोन गुणगुणायला लागले, पोळं उठल्यासारखे. कुणी डोळे उघडले नाहीत. मी एक उघडला, म्हणून पुढचं सांगता येतंय.

लेसिएलीच्या मांडीवर कोंबडा आरवला. सेलाच्या फोनला तिनं कोंबड्याची बांग लावून घेतली होती, दुसऱ्या कुणालाच नाही. मी कोपरानं ढोसलं, हळूच म्हटलं, "घे, सेला आहे."  तिनं फोन दोन्ही हातांनी पोटाशी दाबला, ओल्या कोंबडीला थंडीत धरावं तसा. डोळे मिटलेलेच. पाद्रीबाबांना वाटलं, खरंच कोंबडा आहे. त्यांनी आवाज चढवला. कोंबडा पुन्हा आरवला आणि गप्प झाला.

'आमेन' झालं तेव्हा ड्रोन खाली उतरत होता. तिनं फोन लावला. रेंज गेलेली.

काटोआचा चेहरा बघवत नव्हता. दुसरी बॅटरी पुढच्या बेटासाठी होती, तिथे जखमी माणसं होती, आणि पहिली भरायला बोटीवरच न्यावी लागणार. तिच्या फोनवर त्यानं स्वतः दोन शब्द लिहून ठेवले, 'पाय कापा'. रेंज आली की आपोआप जातील म्हणाला. सेलाचा नंबरही घेतला, पण सगळी बेटं करून तो कधी परतणार, हे त्यालाच माहीत नव्हतं.

"आजी, मी मधेच थांबवायला हवं होतं."

"पाद्र्याला मधेच थांबवायचं?" लेसिएली म्हणाली. "तुझ्या आईनं तुला तसं वाढवलं नसेल. मला तरी कुठे जमलं?"

दुसऱ्या दिवशी समोरच्या बेटावर आभाळात ड्रोनचा ठिपका दिसला. ओहोटी होती. ती फोन उंच धरून प्रवाळाच्या कडेपर्यंत पाण्यात गेली. मी मागोमाग, गुडघ्यांना शिव्या देत. फोनवर रेंजची एक दांडी यायची, जायची. लिहिलेल्या शब्दांपाशी एक गोल नुसता फिरत होता, म्हणजे ते अजून गेले नव्हते. पाय कापला असेल का, न विचारता? की अजून वाट बघत पडला असेल तो अडेलतट्टू? 

पाद्रीबाबाही आले, कमरेची चटई भिजवत. त्यांना कुणीतरी कोंबड्याचं सांगितलं होतं.  मग म्हणाले, "लेसिएली, प्रार्थना करू या?"

"करा, पाद्रीबाबा. आज माझे डोळे उघडे राहतील."

त्यांनी सुरुवात केली. या वेळी त्यांनी आभार कशाचेच मानले नाहीत, नुसतं मागितलं. पाणी पोटऱ्यांवर चढलं. तिनं हात बदलून फोन आणखी वर धरला. तो गोल फिरतच होता आणि समोरचा ठिपका हळूहळू खाली यायला लागला होता.