रेग्युलेटरखालचं वॉर्निश

त्याला सगळे फ्यूज म्हणायचे, आणि ते नाव काही उगाच पडलं नव्हतं. जुन्या गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा माणूस. हात सोन्याचा, पण डोकं म्हणजे नुसती बंदुकीची दारू, ठिणगी पडायचा अवकाश. एका गिऱ्हाइकानं "अजून किती वेळ?" म्हणून सारखं विचारलं, तर यानं त्याच्याच गाडीचा हॉर्न उपटून त्याला फेकून मारला. वर ओरडला, "घे, आता तूच वाजव!" सगळी गल्ली पोट धरून हसली. शेजारचा पंक्चरवाला तर येईल त्याला ही गोष्ट साभिनय करून दाखवायचा. दुकानाच्या भिंतीला जागोजागी खड्डे पडले होते, काही पान्यांचे, काही पक्कडींचे, एक चहाच्या कपाचासुद्धा. लोक म्हणायचे, चालायचंच, कलाकार माणूस आहे.

हा राग त्याच्या बाबांकडून आलेला. बाबा याच दुकानात, याच बाकावर काम करायचे, आणि पोरांना काम शिकवायची त्यांची तऱ्हाच वेगळी होती. ते चांगल्या गाडीत मुद्दाम बिघाड करून ठेवायचे आणि म्हणायचे, शोधा. बिघाड ठरलेला. अर्थिंगच्या वायरचा स्क्रू काढायचा, वायरचं टोक गाडीच्या सांगाड्याला जिथं टेकतं तिथं आणि स्क्रूच्या आट्यांवर ब्रशनं वॉर्निश लावायचं, वाळू द्यायचं आणि स्क्रू परत गच्च आवळायचा. वरून बघावं तर सगळं चकाचक. पण वॉर्निशमधून करंट जात नाही, आणि अर्थिंग तुटलं की एवढी मोठी गाडी म्हणजे नुसतं भंगार. फ्यूज आणि त्याची धाकटी बहीण, दोघं टेस्ट लॅम्प घेऊन शोधत बसायची. जो हरेल त्याच्या पाठीवर बॅटरीची केबल. धाकटी महाहुशार, तिला दरवेळी आधी सापडायचं. म्हणजे केबल कोणाच्या वाट्याला यायची ते सांगायला नको. मग तीच त्याच्या वळांवर तेल लावता लावता म्हणायची, "दादा, तू वरून बघतोस रे. वरून बघायचंच नाही."

अशा या धाकटीचं लग्न झालं फरशांच्या दुकानदाराशी. दाजी आडव्या अंगाचे, फरशा उचलून उचलून खांदे बैलासारखे झालेले. त्यांचा जीव कशावर असेल तर एका जुन्या इटालियन मोटरसायकलवर. लाल टाकी, दोन्ही बाजूंना बाहेर आलेले सिलिंडर, वजन म्हशीएवढं. आवाज असा की दूरवरून ओळखावं, दाजी येतायत. फ्यूज अशा गाड्यांबद्दल म्हणायचा, "इंजिन देवानं बनवलंय आणि वायरिंग त्याच्या मेहुण्यानं." दाजींना हा विनोद कधीच आवडला नाही.

ती गाडी दाजी एका दुपारी स्वतः ढकलत घेऊन आले. शर्ट घामानं निथळत होता.

"गेले काही महिने हीच रड आहे," ते स्टुलावर आदळत म्हणाले. "सुरू होते झकास. थोडी पळाली की दिवा पिवळा पडतो, मग ठसकते आणि मरते. बॅटरी नवी टाकली, दोन ठिकाणी दाखवली. कोणाच्या बापाला कळेना."

"मग आधी माझ्याकडे यायचं होतं."

"तुमच्याकडे यायला भीती वाटते बुवा, हॉर्न फेकून माराल," दाजी हसले. मग कपाळ पुसत म्हणाले, "चेष्टा जाऊ द्या दादा. रस्त्यात मेली की हे धूड घरापर्यंत ढकलत न्यावं लागतं. चढ आहे आमचा. घरी पोचलो की हात वर होत नाहीत, घास तोंडात जात नाही. सरळ आडवा होतो."

फ्यूजनं मान डोलावली आणि कामाला लागला. चार्जर लावून बॅटरीत थोडा जीव आणला, गाडी सुरू केली आणि बॅटरीला मीटर जोडला. काटा बारावर मेल्यागत पडलेला. रेस वाढवली तरी जागचा हलेना. म्हणजे गाडी चालताना बॅटरी भरतच नव्हती, नुसती रिकामी होत होती. त्यानं एक सुटी वायर घेतली, एक टोक बॅटरीला इंजिनाचा करंट मोजून पोचवणाऱ्या रेग्युलेटरच्या अंगाला लावलं, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. काटा टुणकन चौदाच्या पुढं गेला. वायर काढली, काटा खाली.

रेग्युलेटरचं अर्थिंग गेलेलं. हात्तिच्या, एवढंच! त्यानं गाडी बंद केली, टाकीखाली हात घातला आणि स्क्रू सोडवला. वायरचं टोक बाजूला केलं तर खाली वॉर्निश. पातळ, पिवळसर, ब्रशनं नीट फिरवलेलं, कडेला एक ओघळ नाही.

त्यानं त्यावरून नख फिरवून बघितलं.

बाबा वारले त्याला किती वर्षं झाली! जगात हा उद्योग येणारी आता दोनच माणसं उरली होती. एक टाकीखाली हात घालून उभं होतं. दुसरं दाजींच्या घरी होतं.

कशाला केलं असेल तिनं हे? नवऱ्याच्या लाडक्या गाडीचा जीव का घ्यावा? आणि मग दाजींचं मघाचं बोलणं त्याच्या कानात परत वाजलं. घरी पोचलो की हात वर होत नाहीत. धाकटीच्या मनगटावरचा काळानिळा डाग त्याला आठवला. कपाटाचं दार लागलं म्हणाली होती. गालावर सूज होती तेव्हा म्हणाली होती, दाढ दुखतेय. आणि यानं, जगातल्या सगळ्या वायरी हुंगून सांगणाऱ्या या शहाण्यानं, ते वरून बघितलं होतं आणि खरं मानलं होतं. गाडी मेली की नवरा ती चढावर ढकलत आणतो, आणि ढकलून आलेल्या नवऱ्याचा हात उठत नाही. तेवढ्यासाठी पोरीनं वॉर्निश लावलं होतं. आता गाडी दुरुस्त झाली की दाजी ताजेतवाने घरी पोचणार.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाना हाताशीच होता, दाजींची टाळू समोर. पण आयुष्यात पहिल्यांदा त्यानं राग गिळला. इथं मारामारी झाली आणि हा माणूस निसटून आधी घरी पोचला तर? धाकटी घरात एकटी होती.

त्यानं स्क्रू होता तसा वॉर्निशवर परत आवळला आणि "पाणी पिऊन येतो" म्हणून मागच्या खोलीत गेला. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आत्ताच्या आत्ता धाकटीकडे जा," तो दबक्या आवाजात म्हणाला. "तिला तिथून बाहेर काढ, लांब ने. सामान गेलं उडत. दाजी मारतात तिला. मी यांना इथं अडकवून ठेवतो."

एरवी साध्या गोष्टीला दहा प्रश्न विचारणारी बायको. आज एकही विचारला नाही. चपला हातात घेऊन मागच्या दारानं गेली.

आणि मग ज्या माणसाला बिघाड नुसत्या वासावर सापडायचा, तो आंधळ्यासारखा गाडी चाचपत बसला. फ्यूज बॉक्स उघडला, बंद केला. हेडलाईट सोडवला. नको त्या वायरी ओढून बघितल्या. दाजी उठले, बसले, परत उठले.

"काय झालं? सापडतंय का नाही?"

"इटालियन आहे दाजी, वेळ लागतो. सगळ्या वायरींचा रंग एकच झालाय."

"अहो पण मघाशी तो काटा वर गेला होता. मी बघितला ना!"

"तो असाच उडतो. मीटर जुना आहे."

दाजी काही दूधखुळे नव्हते. जवळ आले, गाडीवर वाकले, मग सरळ फ्यूजच्या डोळ्यांत बघत म्हणाले, "सापडलंय तुला. लपवतोयस." 'तुम्ही'चं 'तू' झालं तिथंच फ्यूजला कळलं, आता काय येणार ते.

पहिली थप्पड कानाखाली बसली. कान सुन्न झाला. पंक्चरवाला ट्यूब हातात तशीच धरून वळला आणि आता कोणती वस्तू उडते म्हणून चक्क भिंतीपासून लांब सरकला. काहीच उडालं नाही. फ्यूज म्हणाला, "थोडं थांबा दाजी, बघतो ना."

"कोणी बिघडवली? तू? दुसऱ्या दुकानवाल्यांशी संगनमत आहे तुझं?" दाजींनी त्याची मान पकडून डोकं टाकीवर आपटलं. भुवई फुटली. रक्त डोळ्यात आलं. "बोल! बघू, कुठाय तो कलाकार!"

"अरे, फ्यूज मार खातोय!" गल्लीत कोणीतरी ओरडलं, आणि बघता बघता गर्दी जमली. चहावाला आला, समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊन आला. मध्ये मात्र कोणी पडेना. सगळ्यांना वाटत होतं, हा आता उसळेल, मग उसळेल. फ्यूज मनाशी एवढंच म्हणत होता, मार लेका, मार. तू इथं मारतोयस तोवर तिथं नाहीस. दाजींनी त्याचा हात बाकावर दाबून धरला आणि पान्याचा दांडा बोटांवर हाणला. हाड मोडल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. तो कळवळला, गुडघ्यांवर बसला, पण हात उगारला नाही. पोटात लाथ बसली तेव्हा तो गाडीच्या चाकाला धरून नुसता धापा टाकत राहिला.

"सोडा त्याला! वॉर्निश मी लावलंय."

गर्दी बाजूला झाली. धाकटी उभी होती, केस विस्कटलेले, पायात चप्पल नाही. तिच्यामागं फ्यूजची बायको. "मी तिला बसस्टँडवर नेत होते," ती रडवेली होऊन म्हणाली, "वाटेत कोणीतरी इथली मारामारी सांगितली, मग ऐकेचना."

"रेग्युलेटरच्या खाली," धाकटी नवऱ्याला म्हणाली. "तुम्ही खरवडून घेतलं असतंत तर परत लावलं असतं. ढकलत आलात की निदान त्या दिवशी मारत नव्हतात."

दाजींचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला. ते पाना घेऊन तिच्याकडे निघाले.

मग फ्यूज उडाला. मोडक्या हातासकट तो दाजींच्या कमरेवर आदळला, दोघं तेलकट फरशीवर पडले, पाना घरंगळला आणि तो फ्यूजच्या धड हाताला लागला. पहिला घाव गुडघ्यावर, दुसरा खांद्यावर, तिथं काहीतरी कडकन मोडलं. दाजी गुरासारखे ओरडले. तिसरा, चौथा, मग मोजदाद राहिली नाही. "हात वर होत नाही काय? आता बघ कसा होतो तो!" तो ओरडत होता आणि मारत होता. दाजींचे दात फरशीवर पडले. ते "नको, नको" म्हणत तोंडावर हात घेऊन आक्रसले तरी तो मारतच होता. शेवटी पंक्चरवाला आणि न्हावी दोघं त्याच्या अंगावर पडले तेव्हा कुठं तो थांबला.

खरं सांगायचं तर त्याला फार बरं वाटत होतं. बाबांच्या सगळ्या केबलींचा हिशेब कोणीतरी चुकता केल्यासारखं वाटत होतं. रक्तानं माखलेला पाना हातात धरून तो धाकटीकडे वळला, आता तिनं गळ्यात पडावं म्हणून.

धाकटीनं दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि भिंतीला चिकटून खाली बसली.

"अगं, मी आहे," फ्यूज म्हणाला. "दादा आहे मी."

तिनं हात हळूहळू खाली घेतले. त्याच्या तोंडाकडे बघितलं, पान्याकडे बघितलं. मग तिनं फार हळू विचारलं, "वहिनीवर कधी हात टाकलास का रे दादा?"

"काहीतरीच काय विचारतेस!" तो म्हणाला. आणि बायकोकडे बघितलं, तिनं सांगावं म्हणून. बायको खाली वाकून सांडलेले स्क्रू गोळा करत होती. एक एक उचलत होती आणि डबीत टाकत होती. तिनं मान वर केली नाही.

"भांडणात एखाद्या वेळी..." फ्यूज म्हणाला.

धाकटी भिंतीला धरून उठली. पदरानं तोंड पुसलं. "वहिनी," ती म्हणाली, "तुझ्या आईकडे मला जागा होईल का गं?"

बायकोनं डबीचं झाकण लावलं, डबी बाकावर ठेवली.

"दोघींना होईल," ती म्हणाली.