दुसऱ्या दांड्यावरचा हात

ड्रेस्डेन सोडलं तेव्हा धुक्यात पुढच्या गाडीचे दिवे तेवढे दिसत होते. माझे सत्तरीचे घरमालक होर्स्ट आणि त्यांची बायको इंगे मला त्यांच्या फ्लुगप्लाट्झवर (गावाबाहेरची छोटी धावपट्टी) नेत होते. रविवारी इंगेंचा वाढदिवस. होर्स्ट त्यांना जुन्या सोव्हिएत बायप्लेनमधून (एकावर एक पंखांच्या दोन जोड्यांचं विमान) फिरवून आणणार होते. त्याआधी ते विमान मला दाखवायचं होतं.

पोचलो तेव्हा वारा सुटला होता. धावपट्टीवर चिटपाखरू नव्हतं. दोरांनी बांधलेल्या विमानाच्या तारा गुणगुणत होत्या. त्यात दोन उघड्या बैठका, शिकवणाऱ्याची आणि शिकणाऱ्याची. दोघांपुढे विमान वळवायचा एकेक दांडा, दोन्ही आतून जोडलेले. वारा आला की रिकाम्या बैठकांमधले दोन्ही दांडे एकदम कलायचे, एकदम सरळ व्हायचे. मी दोन पावलं मागे सरले.

“घाबरलीस?” होर्स्ट हसले. मग त्यांनी सांगितलं, की पहिल्या नमुन्याचे चारही पंख एकसारखे, जाड, चौकोनी केले होते. नवशिक्यानं एक मोडला की कुठलाही दुसरा बसवायचा. कागदावर झकास. पण ते जाड पंख घेऊन विमान धड वर चढेना. मग गोल टोकांचे, पातळ पंख केले, तेव्हा कुठे हे जमलं.

पाऊस आला म्हणून आम्ही ते ढकलत हालेत (विमानांचा गोठाच म्हणा) नेलं, दार लावलं. “बस मागे,” म्हणत होर्स्ट पुढच्या बैठकीत चढले. मी दांडा धरला. तो थरथरत होता. बारीक, न थांबता. आत वारा नव्हता, तारा गप्प होत्या. समोर होर्स्टची फक्त टोपी दिसत होती, अगदी स्थिर. हात दिसत नव्हते. घरीही ते मी कायम खिशातच पाहिले होते.

“होर्स्ट, तुमचा हात...”

“हो, हो. नवशिक्यांसाठी बनवलंय हे. थरथर माफ करतं.” मग हळूच, “इंगेला बोलू नकोस.”

तेवढ्यात इंगे केक घेऊन आल्या. “कशी आहे माझी रविवारची जागा?”

अशा वेळी मी एरवी ‘गूट’, छान, म्हणून सुटते.

“तुम्हीच बसून बघा,” मी म्हणाले आणि उतरले. “दांडा धरा.”

“तूही धर ना रे. उडतोय असं समजू!” इंगे मागच्या बैठकीत बसून दांडा धरत नवऱ्याला म्हणाल्या.

दांडा हातात थरथरला तसं त्यांचं हसू थांबलं. त्यांनी समोरच्या टोपीकडे बघितलं.

“होर्स्ट, रविवारी आपण दोघं खालीच राहू. केक खाऊ.”



येताना गाडी होर्स्टनी चालवली होती; परतताना काही न विचारता इंगे चालवायला बसल्या. होर्स्ट मागे, माझ्याशेजारी, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मला फक्त एक उड्डाण थांबवायचं होतं.