चांद्याच्या परकोटावर आत्याबाई

यमुना आत्याबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी गोंदियात दुकान उघडत होतो. महिना होत आला... पण तिची आठवण निघाली की रडू येण्याआधी हसूच येतं.

तिची सारी हयात देवरीजवळच्या धानाच्या बांध्यांत गेली. लहानपणी आजोबांनी माझ्या बाबांना आगगाडीने चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, दाखवायला नेलं. पोरीला काय पाहायचं तिथं, म्हणून हिला घरीच ठेवलं. परकोटावरून, म्हणजे गावाभोवतीच्या दगडी तटावरून, आपण कसे चाललो, खालची माणसं मुंगीएवढी कशी दिसली, या बाबांच्या गोष्टी तिने साठ वर्षं ऐकल्या.

दोन वर्षांपूर्वी गुडघे फार दुखू लागले, तशी मला म्हणाली, "बापू, पाय चालून राहिले तवरी मले चांदा दाखव."

आम्ही चांदा फोर्ट स्टेशनला उतरलो. अचलेश्वराच्या देवळाच्या भिंतीवरची शिल्पं तिने बोट फिरवत पाहिली. गोंडराजांच्या समाधीपाशी चपला काढून बराच वेळ उभी राहिली. जटपुरा दरवाजातून मोटारी, सायकली, गाई एकदमच निघालेल्या पाहून तिला कोण मजा वाटली! परकोटाच्या पायऱ्या मात्र उंच होत्या. मी नको म्हणत असतानाच ती पहिल्या पायरीवर पाठमोरी बसली आणि बसल्या बसल्याच एकेक पायरी वर सरकत गेली. वर पोचल्यावर पाय पसरून गावाकडे पाहत राहिली.

थोड्या वेळाने मी म्हणालो, "उतरू या आता, आत्याबाई."

"चढाले साठ वर्स लागले, उतराची घाई कायले करून राहिला?"

मग तिने बाबांना फोन लावायला सांगितला. "भाऊ, मी परकोटावर बसून राहिली! तू कोन्या बाजूनं चालला होतास?"

बाबा हळूच म्हणाले, "मी वर गेलोच नव्हतो, यमुने. भेव लागला मले... खालीच बसलो होतो."

मला वाटलं, आता ही भडकणार. पण ती इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं. "अन् मी इतके वर्स तुयावर जळून राहिली होती ना गा!"

तेराव्यानंतर देवरीला तिच्या खोलीत बाबा तिच्या खाटेवर एकटेच बसले होते. मी चहा घेऊन गेलो, तर माझ्याकडे न पाहता म्हणाले, "चांद्याची गाडी किती वाजता राहते?"