शेवटचा उठेपर्यंत

सावद्याच्या स्टँडवर बस हलली तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, खिडकीशी थोडे चालले. मिस्टरांची बदली धुळ्याला झाली होती. सामान पुढे गेलं होतं. माझ्या मांडीवर फक्त आबांनी सुतळीनं बांधून दिलेली सतरंजी होती. "शिकवशीन तं घाई करजो नको," ते म्हणाले. "शेवटचा उठेपर्यंत बसजो."

सावद्यात राहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको. माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांसाठी लिहिते. आबा सकाळी मंदिराच्या सभामंडपात योग शिकवायचे. येणारे निम्मे केळी कापणारे आणि ट्रक भरणारे. आसनं साधी, शेवटी शवासन, आणि त्यात कोणीतरी घोरायचंच. आबांचा नियम एकच: झोपलेल्याला उठवायचं नाही. तो आपणहून उठला की सगळ्यांनी मिळून ओंकार म्हणायचा, मग घरी जायचं. तोवर बाकीचे गुपचूप बसून. ट्रक भरणारे पंडितभाऊ सगळ्यात जास्त घोरायचे. त्यांची बायको म्हणायची, "आबा, योग शिकवता का झोपा काढाले लावता?" आबा हसायचे. "त्याले घरी कोन झोपू देतं?"

धुळ्यात, देवपुरात, मी एका स्टुडिओत शिकवायला लागले. आरशाची भिंत, प्लेलिस्ट, बॅचमागे बॅच. शवासन एका गाण्यापुरतं, कारण पुढची बॅच मॅट घेऊन दारात उभी. मी सावकाश घेतलं की मालकीणबाई म्हणायच्या, "मॅडम, पडून राहायला लोकांना घर आहे." कोणाला रील हवी असायची, कोणाला पोट कमी करायचं असायचं. त्यात वाईट काही नाही. मीही ते सगळं शिकून घेतलं. पण माणूस खरं अंग सोडतो ते शेवटी, आणि नेमकं तेच आम्ही कापून टाकलं होतं.

आई गेल्यावर आबा काही दिवस माझ्याकडे राहिले. झोप त्यांना लागत नव्हती. एकदा वर्गाला आले, मागे त्यांनीच दिलेली सतरंजी टाकली आणि शवासनात चक्क झोपले. मी निघणाऱ्यांशी बोलत होते, तेवढ्यात काउंटरवरच्या मुलीनं त्यांचा खांदा हलवला. "अंकल, उठा, पुढची बॅच आहे." आबा दचकून उठले. सतरंजी गुंडाळत दारातल्या पोरींना म्हणाले, "माह्यामुये खोयंबा झाला तुमचा." दुसऱ्या दिवशी फक्त म्हणाले, "मी जातो आता सावद्याले."

पुन्हा ते धुळ्याला आलेच नाहीत. सावद्यातच गेले, तेही झोपेत. जळगावचे नातेवाईक पोचले तशी घाई सुरू झाली, ऊन चढायच्या आत स्मशानात निघू म्हणून. पंडितभाऊ मात्र आबांजवळून हलेनात. "थांबा ना थोडं," म्हणाले. "आबानं आम्हाले कधी उठोलं नाही."

स्टुडिओ मी सोडला. आता कॉलनीच्या हॉलमध्ये वर्ग घेते. माणसं थोडी येतात. झोपलेल्याला कोणी उठवत नाही. सावद्याच्या घराला कुलूप आहे. घर म्हटलं की मला तो सभामंडपच आठवतो, जिथं आपण उठेपर्यंत कोणीतरी शांत बसलेलं असायचं.

शवासन संपतं, सगळे उठून बसतात. मागे आबांची सतरंजी मी रोज पसरते, ती रिकामी असते. ओंकार सुरू होत नाही म्हणून एखादी विचारते, "मॅडम, उठले ना सगळे?"

"हो," मी म्हणते. आणि आणखी थोडं थांबते.