जरा बरं नाय

परदेशातल्या शाळेत मास्तरकी करायला निघालेला जुन्नर-आंबेगावातला माणूस पासपोर्ट काढायच्या आधी ओतूरला सावळेराम सरांच्या ओट्यावर बसून जायचा. घोडेगावचे यायचे, भीमाशंकराच्या वाटेवरच्या वाड्यांमधली नवी डी.एड. झालेली पोरं यायची, एकदा तर नवरा-बायको दोघेही मास्तर असलेली जोडी दीड वर्षाचं मूल कडेवर घेऊन आली. दोन हजार सालानंतर आखातातल्या, मालदीवमधल्या, आफ्रिकेतल्या शाळांच्या जाहिराती पेपरात दिसायला लागल्या आणि सरांचा ओटा रिकामा राहिना. सरांनी या सल्ल्याबद्दल कुणाचा चहासुद्धा घेतला नाही, उलट येईल त्याला पाजला.

सल्ला ठरलेला होता. "करार आदी वाच. इंग्रजीत हाय म्हणून लाजू नको, डिक्शनरी घेऊन बस. राहायची सोय लिवलीय ना, मग एका खोलीत किती माणसं ते इचार. आमी चौघं व्हतो आन् कपाट एक. डिग्रीवर मुंबईचा शिक्का, मग दिल्लीचा, मग त्यांच्या वकिलातीचा, हे हितनंच करून जायचं. एजंट म्हनंल तिकडं गेल्यावर बघू. तिकडं गेल्यावर कुणी बघत नाय. पासपोर्ट शाळा मागंल, तिजोरीत ठेवतो म्हनंल. तो द्यायचा नाय. आन् हितल्या नोकरीची रजा लेखी घे. आमच्या चेरमननं माझी खुर्ची तोंडी राखली व्हती, मी आलो तवा तिच्यावर त्यांचा साडू बसला व्हता."

एवढं झालं की सर थोडे थांबायचे आणि मुद्द्यावर यायचे. "भीड ठेवायची नाय. भीड भिकेची बहीण. रजा पायजे तर तोंड उघडून मागायची. लई तर काय, नाय म्हनतील. आन् घरच्यांना बजावून जा, वाईट झालं तर वाईट झालं म्हणून कळवा. माझी बायको आजारी पडली, गेली, मला कुणी कळवलं नाय."

हे शेवटचं वाक्य खोटं होतं. ते खोटं आहे हे दोघांनाच ठाऊक होतं, सरांना आणि त्यांच्या धाकट्या भावाला, बहिरूला. आणि सर ते बोलायचे तेव्हा त्यांची मुलगी आरती आत चुलीपाशी पाहुण्यांचा चहा गाळत असायची.

सर गेले होते शहाण्णव साली. संस्थेच्या शाळेत ते गणित शिकवायचे आणि फार चांगलं शिकवायचे, पण चांगलं शिकवलं म्हणून आपल्याकडं कुणी मास्तरला ओवाळत नाही. आखातातल्या एका शहरात भारतीय मुलांसाठी मोठी इंटरनॅशनल शाळा होती, तिची जाहिरात त्यांनी पाहिली, मुंबईला जाऊन मुलाखत दिली आणि त्यांची निवड झाली. दोन वर्षांचा करार, दोन वर्षं पुरी झाल्यावर घरी यायचं तिकीट, पासपोर्ट शाळेच्या कपाटात. बायको प्रयागबाई, दहा वर्षांची आरती आणि आई लंकाबाई यांना बहिरूच्या हवाली करून ते विमानात बसले.

तिकडं त्यांचं बरं चाललं होतं, हे सांगायलाच हवं. दीड वर्षात प्राचार्यांची मर्जी बसली. जूनपासून गणिताचा विभागप्रमुख करतो, कुटुंबासाठी दोन खोल्या देतो, असं प्राचार्य बोलले होते. सरांनी प्रयागबाईंना पत्रानं कळवलंही, की आता सहा महिने कळ काढ, मग तू आणि आरती इकडंच.

जानेवारी अठ्ठ्याण्णवमध्ये त्यांना चालू तासातून ऑफिसात बोलावलं. फोन होता. बहिरू ओतूरच्या बूथवरून बोलत होता, मीटरच्या धाकानं भराभर.

"दादा, वहिनीला जरा बरं नाय."

"काय झालं?"

"कावीळ म्हनत्यात. जरा बरं नाय. सवड झाली तर येऊन जावा."

आमच्याकडं 'जरा' हा शब्द जपून ऐकावा लागतो. बराखीत साठवलेला कांदा जरा खराब झालाय म्हणजे अर्धी बराख सडलेली असते. भावाभावांत जरा वाजलं म्हणजे दोघांच्या डोक्याला टाके असतात. वाईट गोष्ट तिच्या मापानं बोलली तर ती खरी होते, अशी आपल्या माणसांची समजूत, म्हणून तिला लहान करून बोलायचं. आणि जो माणूस तालुक्याच्या बाहेर कधी फोन करत नाही तो परदेशात फोन लावून 'जरा' म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्यानं हातातलं टाकून निघायचं असतं. सर त्याच मातीतले होते. त्यांना कळलं. ते जे म्हणाले ते एवढंच, "बघतो. रजेचं बघतो."

ते प्राचार्यांच्या दारापर्यंत गेले. मागच्याच महिन्यात एका केरळच्या मास्तरनं रजा मागितली तर त्याला राजीनाम्याचा कागद पुढं सरकवला होता. दहावीची परीक्षा तोंडावर. विभागप्रमुखपद, दोन खोल्या, जून. प्राचार्यांनी मान वर करून काय हवंय म्हणून विचारलं आणि सर म्हणाले, आलेखाचे कागद संपत आलेत. प्राचार्यांनी लगेच चिठ्ठी लिहून दिली. सर ती घेऊन भांडारात गेले, कागदाचे पाच दस्ते सही करून घेतले आणि उरलेला तास शिकवला. उद्या विचारू, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशीही सांगितलं.

इकडं बहिरूनं फोनचं प्रयागबाईंनाच तेवढं सांगितलं, परदेशी फोन लावला म्हटल्यावर म्हातारी आणि पोर घाबरतील म्हणून, आणि दोघांनी 'बघतो'चा अर्थ 'येतो' असा घेतला. प्रयागबाईंना पुण्याला मोठ्या दवाखान्यात न्यायचं चाललं होतं, पण कर्ता पुरुष येतोय म्हटल्यावर त्याच्याशिवाय एवढा निर्णय कोण घेणार? सर आले की नेऊ. तोवर गावचं झाडपाल्याचं औषध सुरू होतं. प्रयागबाई स्वतःच बहिरूला सांगायच्या, ते येतायत, दोन दिवसानं काय बिघडत नाय. फोननंतर तेविसाव्या दिवशी त्या गेल्या.

मग लंकाबाईंनी ठरवलं की सावळेरामला कळवायचं नाही. पोरगं परमुलखात एकटं, पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात, कळवून तो काय करणार, भिताडावर डोकं आपटणार. येईल जूनमध्ये, तेव्हा कळेलच. घरात लिहिता हात एकच होता. सातवीतल्या आरतीला आजीनं वही घेऊन बसवलं. दुखवट्याच्या पत्रावर वर 'श्री' घालत नाहीत, हे त्या पोरीलाही ठाऊक होतं.

"आजी, श्री घालू?"

"घाल. ठळक घाल."

आईला बरं आहे, काळजी नसावी, इकडील सर्व खुशाल. अशी पाच पत्रं तिनं लिहिली. सरांनी प्रत्येक पत्र आलं तसं उघडलं, वरची 'श्री' पाहिली आणि सुटकेचा श्वास टाकला. बरं झालं रजा मागितली नाही, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. हे त्यांनी पुढं कधी कुणाला सांगितलं नाही.

जूनच्या अखेरीस सर आले. आळेफाट्याला गाडी बदलताना दुकानदार सोमाजी भेटला. त्यानं बॅगेला हात लावला आणि म्हणाला, "आता वर्षश्राद्धापतूर हायत ना, सर?"

"कुणाच्या?"

सोमाजीचा चेहरा उतरला. दुकानात गिऱ्हाईक आलंय म्हणून तो निघून गेला. दुकानात कुणी नव्हतं.

घरी पोचले तेव्हा भावकी जमलेली होती. सर उभ्यानंच म्हणाले, "मला कुणी काहीच कळवलं का नाय?" बहिरूनं मान वर केली. त्यानं तेव्हा एक वाक्य बोलायला हवं होतं. पण थोरल्या भावाला, तेही अशा दिवशी, चार माणसांत खोटं पाडायचं नसतं. त्यानं मान खाली घातली. सरांना ती खाली गेलेली मान दिसली आणि त्यांना उभं राहायला जागा मिळाली. ते आरतीकडं वळले. ती पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती.

"अक्षर तर तुझं व्हतं," ते म्हणाले.

एवढंच. त्यांनी तिला मारलं नाही, पुन्हा कधी त्यावरून बोलले नाहीत. विभागप्रमुखपद सोडून दिलं, परत गेले नाहीत, घरीच शिकवण्या सुरू केल्या, पोरीचं सगळं केलं. पण त्या चार शब्दांनी पोरगी जी मिटली ती मिटली. तिनं पुन्हा पत्र म्हणून लिहिलं नाही. दहावीला मराठीच्या पेपरात तिनं पत्रलेखनाचा प्रश्न कोरा सोडला. तिच्या बाई सरांना रस्त्यात भेटून म्हणाल्या, "एवढी हुशार मुलगी, हातातले मार्क कसे हो सोडते?" सरांना कारण कळलं. त्या रात्री तिला फोनचं सांगता आलं असतं, दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं. सांगितलं नाही. लंकाबाई गेल्या, आरती बी.एस्सी. झाली, बी.एड. झाली, आणि ओट्यावर दर आठवड्याला कुणी ना कुणी येत राहिलं आणि सर ते वाक्य बोलत राहिले.

दोन हजार आठ साली आरतीनं स्वतःच अर्ज केला. आखातातलीच शाळा, पण दुसरी. भावकीनं नाकं मुरडली, बिनलग्नाची पोर एकटी पाठवतात का म्हणून. सरांनी कुणाचं ऐकलं नाही. तिच्या करारातलं एकेक कलम त्यांनी वाचलं. दर उन्हाळ्यात रजा आणि तिकीट, पासपोर्ट शिक्षकाकडंच राहील, सगळं लेखी घेतलं. जायच्या आदल्या दिवशी दुपारी बाप-लेक सतरंजीवर कागद मांडून बसले. शिक्के तपासले, झेरॉक्सचे तीन गठ्ठे केले. बहिरू उंबऱ्याजवळ सुपारी कातरत बसला होता.

सवयीनं सरांच्या तोंडून निघालं, "भीड ठेवायची नाय. आन् घरच्यांना..."

"ते मला नका सांगू, आप्पा," आरती म्हणाली. ती कागदांकडंच बघत होती. "पत्रं मी लिहिली. मी श्री घातली नसती तर तुम्ही आला असता. मी रोज स्वतःला हेच सांगते. तिकडं गेल्यावर तरी थांबेल, असं वाटतंय."

बहिरूचा अडकित्ता थांबला. यावेळी त्यानं मान खाली घातली नाही, तो थोरल्या भावाकडं बघत राहिला.

"आलो नसतो," सर म्हणाले. "पत्राच्या आदीच बहिरूचा फोन आला व्हता."

"कधी?"

"जानेवारीत."

"आई होती?"

"व्हती."

"तुम्हाला कळलं होतं?"

"कळलं व्हतं. मी रजा मागितली नाय."

आरतीनं विचारलं, आई जायच्या किती दिवस आधी. सरांनी तेवीस सांगितलं. आकडा त्यांना तयार होता, आठवावा लागला नाही, आणि तेही तिच्या ध्यानात आलं.

"तुम्ही ओट्यावर सगळ्यांना सांगायचा, मला कुणी कळवलं नाही. मी आत असायची."

"ठाऊक व्हतं मला."

"मी आत आहे, हे?"

"हां."

ती रडली नाही. रडली असती तर सरांनी तिच्या पाठीवर हात ठेवला असता, तशी तयारी करून ते बसले होते. तिनं गठ्ठ्यांना रबर लावलं, फाइल बॅगेत ठेवली आणि म्हणाली, "मी बारा वर्षांची होते, आप्पा." मग उठून ती बहिरूजवळ गेली, त्याच्या शेजारी उंबऱ्यावर बसली आणि आई शेवटी काय काय बोलायची ते त्याला विचारू लागली. इतकी वर्षं तिनं ते कुणाला विचारलं नव्हतं. सर सतरंजीवर बसून ऐकत होते. त्यांनाही ते आजवर ठाऊक नव्हतं.

सकाळी ती गेली. पाया पडली, दोघांच्याही. त्यानंतर ओट्यावर कुणी आलं की सर करार आणि शिक्के सांगायचे आणि थांबायचे. आरतीचा फोन दर रविवारी बहिरूच्या मोबाइलवर यायचा. आवाज मोकळा असायचा, काकांशी हसायची, वर्गातल्या गमती सांगायची. सरांना गोळ्या घेतल्या का विचारायची. पुढच्या जूनमध्ये सरांनी माळ्यावरची गादी उन्हात टाकली, चुलीजवळची भिंत पांढरी करून घेतली.

जुलैत फोन आला तेव्हा बहिरूनं तो सरांकडं दिला.

"रजेचं काय झालं? मागितलीस का?" सरांनी विचारलं. "भीड नको ठेवू."

"मागितली. मंजूर झाली. पासपोर्ट माझ्याजवळ आहे, तिकीट शाळा देतीय."

"मग कधी येतीस?"

"येत नाही, आप्पा."

"काही अडचण हाय का?"

"अडचण काहीच नाही," आरती म्हणाली. "यावंसं वाटत नाही. खोटं कशाला सांगू?"