आधी जिवंत माल

मालवाहतुकीच्या इतिहासात आमच्या घराण्याचे स्थान मोठे आहे. औंढ्याजवळच्या आमच्या तांड्यात पणजोबांचा ताफा होता, म्हणजे मीठ वाहणारे अकरा बैल. आता बाकडे, म्हणजे वडिलांकडे, एक म्हातारा बैल उरला आहे. घराण्याची परंपरा थोरल्या भावाने चालवली. आखातातल्या एका मालवाहू विमान कंपनीत तो माल चढवायचा.

कंपनीचा इतिहास तो फोनवर सांगे. सुरुवात झाली ती खुर्च्या काढलेल्या एका जुन्या प्रवासी विमानाने. आता विमाने नऊ, आणि त्यांतल्या एकाचे नाक मोठा माल चढवायला दारासारखे उघडते.

"नाव काय त्याचं?" बा विचारायचा.

"नाव नसतं बा, नंबर असतो."

"काहून? बैलाला तर असतं."

मागच्या वर्षी छातीत कळ येऊन भाऊ तिथेच गेला. त्याच नाकवाल्या विमानातून, पेटीत, तो हैदराबादला आला. दिवस मावळायच्या आत त्याला तांड्यावर न्यायचे, एवढेच बाने ठरवले होते. गोदामावरचा माणूस म्हणाला, "ठैरो चचा, पैले मुर्गी के बच्चे उतरते."

मी भांडायला उठलो. बाने हात धरून खाली बसवले.

"बराबर हाय त्याचं. मुक्कामावर आधी जिवंत माल उतरवायचा, बाकीचा मागून. आपल्यात बी तसंच करायचे."

आम्ही बसून राहिलो. भाऊ तांड्यावर पोचला तेव्हा दिवस मावळून गेला होता. पिल्लं मात्र सगळी जिवंत उतरली.